लोकरीची खोली

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले की खोलीचा घुमारा जातो, असं ज्या शहाण्यानं पहिल्यांदा सांगितलं असेल त्याला मला एकदा भेटायचंय. आखाडा बाळापुरात मोबाइलच्या दुकानवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. मी ऐकलं. साठ ट्रे आणले, तीन दिवस गोंदानं हात चिकट करून घेतले. घुमारा होता तिथंच राहिला, वर झुरळं झाली.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी पुस्तकं वाचते. वाचून, रेकॉर्ड करून पाठवायची, लोक ती मोबाइलवर ऐकतात. लग्न मोडून माहेरी आले तेव्हा हेच एक काम हातात होतं, आणि ते मी कुणाच्या मेहेरबानीनं मिळवलेलं नव्हतं. खोली घराच्या मागच्या अंगाची, दहा बाय बारा. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. टाळी वाजवली की ती चारी भिंतींना शिवून परत यायची. कंपनीतल्या मॅडम दर वेळी एकच लिहायच्या, सत्यशीला, तुमचा आवाज छान आहे, पण खोली बोलतेय.

लोकरीची कल्पना आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सटवाजी म्हटलं की कळमनुरी तालुक्यातले मेंढरंवाले आजही ओळखतात. त्यांचं म्हणणं होतं की कळपाच्या मधोमध उभं राहून बोंबललं तरी कडेच्या मेंढराला ऐकू जात नाही, लोकर आवाज खाते. मी हसले. मग वाचून पाहिलं तर म्हातारा बरोबर निघाला. लोकर आमच्याकडे पोत्यांनी पडून होती, कारण हल्ली ती फुकटसुद्धा कुणी नेत नाही.

सुताराकडून चार-चार इंच खोल अशा आठ चौकटी करून घेतल्या. आबांनी ओसरीत बसून हातानं लोकर पिंजली आणि चौकटींत भरली. मायनं वरून मांजरपाट शिवलं. जागा ठरवायची रीत सोपी आहे. आपण वाचायच्या खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. खुर्चीतून आरशात जिथं माइक दिसतो, तिथं आपला आवाज आपटून परत येतो. तिथं पॅनेल. आबा आरसा धरून भिंतीकडेनं एकेक पाऊल सरकत होते आणि मधेच स्वतःच्या मिशा बघत होते, नवरी बघायला निघाल्यासारखे. दोन्ही बाजूंना दोन-दोन, समोर एक, पाठीमागे एक, दोन डोक्यावर टांगलेली. शेवटचं पॅनेल लागल्यावर मी टाळी वाजवली. टप्प. जागच्या जागी मेली. कंपनीनं पहिल्याच फेरीत काम पास केलं.

हे दिवाळीच्या आधीचं. पौषात आबा गेले.

मंगळवार होता. माय बाजाराला गेली होती. माझा धाकटा भाऊ परमेश्वर ट्रॅक्टरची बेअरिंग आणायला वारंगा फाट्याला गेला, त्याची बायको कोमल तिच्या माहेरी होती. मी खोलीत दार लावून वाचत होते. आबा ओसरीत बाजेवर होते. परमेश्वर तीन वाजता परत आला तेव्हा ते बाजेखाली पडलेले होते आणि अंग गार झालं होतं. मला काही ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी एका शब्दानं मला बोललं नाही. उलट परमेश्वरच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की अक्काच्या त्या लोकरीच्या खोलीत बाहेर बाँब फुटला तरी ऐकू येत न्हाई, तिचा काय दोष.

आणि त्याचा दोष नाही? छातीत दुखतंय म्हणणारा म्हातारा घरात, आणि हा बेअरिंग आणायला जातो! दहाव्याच्या दिवशी चार लोकांत मी त्याला तोंडावर म्हणाले, तू बाप मारलास. तो पायात चप्पल घालून बाहेर पडला. त्याच संध्याकाळी कोमलला आणि लेकरांना घेऊन शेतातल्या आखाड्यावर राहायला गेला. तिथं एक पत्र्याची खोली आणि एक बोअर, बाकी काही नाही. माझं काळीज हललं नाही. राहू दे म्हटलं तिथंच.

आता वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. मायचं एकच चाललेलं, पोरगा बापाच्या श्राद्धाला बसला पाहिजे. मी सांगून टाकलं, परमेश्वरनं या घरात पाऊल टाकलं तर मी घर सोडून जाईन. श्राद्धाला चुलतभाऊ शिवशंकर बसेल. माय दोन दिवस जेवली नाही. मीही जेवले नाही. आमच्या घरात हट्टात कुणी कुणाला हार जात नाही.

त्याच आठवड्यात हे सुरू झालं.

कंपनीला एक प्रकरण द्यायला उशीर झाला होता. मी खोलीतूनच मॅडमना मोबाइलवर बोलून निरोप पाठवला, ताप आला होता म्हणून उशीर झाला. त्यांनी लिहिलं, 'तुमच्या निरोपात "मॅडम" एवढंच ऐकू येतंय, पुढे सगळं कोरं आहे.' मी निरोप परत ऐकला. 'मॅडम', मग चार सेकंद काहीच नाही. खोलीची सळसळसुद्धा नाही. खरं तर ताप-बिप काही नव्हता, मायशी भांडण्यात दिवस गेला होता. पण तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मोबाइल खराब म्हणून मी त्याच्या नावानं बोटं मोडली.

मग माइकवर बोलून पाहिलं. वाचलेलं सगळं यायचं, पुस्तकातलं एक अक्षर गळायचं नाही. मधे मी स्वतःचं काही बोलले तर कधी यायचं, कधी नाही. वायर बदलली. बारीक आवाज आपोआप कापणारं एक बटण असतं लॅपटॉपवर, ते बंद केलं. डाव्या भिंतीवरचं पॅनेल काढून उजवीकडे लावलं, परत डावीकडे लावलं. नवा माइक मागवला. काही फरक नाही. मला अशा गोष्टींची भयंकर चीड येते. वस्तू बिघडली तर पुरती बिघडावी, अशी माणसासारखी लहर काय लावायची?

शेजारच्या द्वारकाबाई शनिवारी आल्या. बाई बोलायला लागल्या की दम घेत नाहीत, म्हणून मी त्यांना खोलीतच बसवलं आणि माझं काम करत राहिले. गुडघ्याची तकलीफ झाली, सोयाबीनचं झालं, मग सुनेवर आल्या. म्हणाल्या, 'मी तिला काय कमी केलं? मी तर तिला...' आणि पुढे त्यांचे ओठ नुसते हलले. हात छातीवर, डोळ्यांत पाणी, तोंड चालू, आणि आवाज नाही. मी हेडफोन लावलेले नव्हते. माइक बंद होता. बाईंनी घसा खाकरला.

'घसा बसला वाटतं,' त्या म्हणाल्या. हे नीट ऐकू आलं.

मी पाणी दिलं. त्यांची सून चार महिन्यांपूर्वी अंगावर वळ घेऊन माहेरी गेली होती, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि खुर्चीत बसून म्हणाले, 'माझं वय बत्तीस.' ओठ हलले, घशात कंप जाणवला, कानाला काही नाही. 'माझं वय अडतीस.' हे स्वच्छ आलं. 'मला तिखट आवडत नाही.' नाही आलं. 'मला सासरची आठवण येत नाही.' आलं, आणि बरं वाटलं. तासभर मी असलंच बोलत होते. बाहेर दुपार होती, कुणाची तरी मोटार चालू होती, कपडे धोपटल्याचा आवाज येत होता.

कुणालाही भीती वाटली असती. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. वाटलं, आता परमेश्वर सापडला.

कारण त्याचं एक वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. तो म्हणायचा, आबांनीच सांगितलं, मला काही न्हाई, तू जा. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. तर बोल म्हटलं आता माझ्या खोलीत बसून.

मायला सांगितलं तर तिचा हात पिठात तसाच राहिला. मेंढरंवाल्यांच्या घरात पूर्वी तंटा मिटवायचा तर घोंगडी अंथरायचे आणि तिच्यावर हात ठेवून बोलायला लावायचे. आबांनी असे कितीक तंटे मिटवले होते. घोंगडीवर हात ठेवून खोटं बोललेला माणूस आमच्यात कुणी पाहिलेला नाही.

'हात ठेवायचा तर लोक थरथर कापायचे,' माय म्हणाली. 'तू तर चारी भितींना लोकर लावून बसलीस. डोक्यावर बी लावलीस. काहून लावलीस गं? कुणाला नेऊ नको तिथं. तू बी बसू नको.'

मी म्हणाले, त्याला बोलाव. त्याचं वाक्य त्या खोलीत पुरं उमटलं तर तो श्राद्धाला बसेल, मी हूं का चूं करणार नाही. नाही उमटलं तर त्यानं जन्मात या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. माय हात धुऊन आली आणि कबूल झाली. पोटच्या पोरावर तिचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता, याचाही मला राग आला.

गुरुवारी सकाळी अकराला परमेश्वर आला. वर्षभरात वाळून अर्धा झाला होता. चप्पल बाहेर काढून, पाय धुऊन, पाहुण्यासारखा दारात उभा राहिला. पॅनेल लावल्यापासून तो या खोलीत कधी आलाच नव्हता. शेतातून चिखलाचे पाय घेऊन येतो म्हणून मीच येऊ देत नसे. आत आल्यावर त्यानं आबांनी भरलेल्या चौकटीवर हात फिरवला.

मी त्याला खुर्चीत बसवलं, समोर स्टुलावर मी बसले. पुरावा असावा म्हणून रेकॉर्डिंग चालू केलं. मी स्वतः काही सांगणार नव्हते, नुसतं विचारणार होते.

'त्या दिवशी आबा काय म्हणाले?'

तो माइककडे न बघता म्हणाला, 'आबा म्हणले, मला काही न्हाई, तू जा. बेअरिंग आणून टाक, रानात काम अडून राहिलंय. मी म्हणलं दवाखान्यात जाऊ. तर म्हणले, सत्यशीला हाय घरी. म्हणून गेलो.'

सगळं उमटलं. एक अक्षर गळलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फिरवून विचारलं, उलटं विचारलं, तुला जायची घाई होती की नाही, तू फाट्यावर चहा प्यायलास की नाही. प्यायलो, म्हणाला. चहा प्यायलो, शिवशंकर भेटला व्हता, पंधरा मिनिटं बसलो, त्याचं मला लई वाईट वाटतं. तेही उमटलं. त्याच्याजवळ लपवायला काही नव्हतंच.

मग त्यानं मान वर केली आणि दाराकडे कान दिला. दार बंद होतं.

'माय तांदूळ पाखडून राहिली का?' त्यानं विचारलं.

मी माइकची वायर उगाच सरळ केली.

'कोंबडी आली वाटतं सुपाजवळ. हाकलली तिनं.' तो ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर हळूहळू आठी चढली. 'अक्का, इथं तर समदं ऐकू येतं.'

लोकर घुमारा मारते. खोलीतला आवाज भिंतींवरून परत येऊ देत नाही. बाहेरचा आवाज ती अडवत नाही. त्याला जाड भिंत लागते, दुहेरी दार लागतं. हे पॅनेल लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या घरात ते फक्त मला माहीत होतं, आणि वर्षभर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

'मी आधीपासून हेडफोन लावले होते,' मी म्हणाले.

माझे ओठ हलले. घशात कंप आला. बाकी काही नाही.

परमेश्वर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तेच पुन्हा म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. बाहेर सुपाचा आवाज तेवढा येत होता.

'आबानं हाक मारली व्हती का?' त्यानं विचारलं.

'नाही.'

काही नाही.

'किती?'

गप्प बसता आलं असतं. उठून दार उघडून बाहेर जाता आलं असतं. पण लोकरीच्या आठ चौकटी मला हरवणार? मी दात खाऊन म्हणाले, 'एक.' नाही आलं. 'दोन.' नाही. तीन म्हणाले, चार म्हणाले. पाच मी ओरडले, गळ्याच्या शिरा ताणून, आणि खोलीत चिडीचूप. सहा. सात. परमेश्वर हलला नाही. आठ. नऊ. दहा.

'अकरा.'

खणखणीत आलं. बाहेरचं सूप थांबलं.

परमेश्वरनं डोळे मिटले. मग अगदी हळू विचारलं, 'कुणाला?'

याचं उत्तर माझ्याकडे वर्षभर तयार होतं. माणूस कळ आली की परमेश्वरा, परमेश्वरा म्हणतोच. कुणीही म्हणतं.

'देवाला,' मी म्हणाले.

काही नाही.

'तुला.'

ते आलं.

आणि मग मला आवरलं नाही. म्हणाले, तुलाच मारत होते हाका. गोळ्या मी द्यायच्या, पाय मी चेपायचे, रात्री दोनदा उठून पाणी मी द्यायचं, आणि हाक मात्र तुला. दहा पावलांवर मी बसले होते. माझं नाव घ्यावंसं वाटलं नाही त्यांना. पोरगा घरात नाही हे माहीत असून परमेश्वरा, परमेश्वरा. म्हटलं, येऊ दे त्यालाच. अकराव्या हाकेला मी हेडफोन लावले आणि आवाज वाढवला. मला फार राग आला होता रे.

हे सगळं उमटलं, शेवटच्या 'रे'सकट.

परमेश्वर रडला नाही, शिवी दिली नाही. तो लॅपटॉपकडे बघत होता. मीही तिकडे पाहिलं.

आवाज आला की स्क्रीनवरची एक हिरवी पट्टी हलते. खोलीत कुणी बोलत नव्हतं, बाहेरही शांतता होती. पट्टी हलत होती. वर जायची, खाली यायची, थोडं थांबून परत वर जायची.

परमेश्वरनं टेबलावरचे हेडफोन उचलले. मी नको म्हणाले की नाही, आठवत नाही. म्हणाले असले तरी ऐकू आलं नसेल.

त्यानं ते कानाला लावले. पट्टी वर गेली.

'ओ,' तो म्हणाला.

लहानपणी अंगणातून द्यायचा तशी ओ.

पट्टी खाली आली, परत वर गेली.

'ओ, आबा.'

मी मोजत होते. मला मोजायचं नव्हतं. तो दर वेळी ओ देत होता, घाई न करता, प्रत्येक हाकेला वेगळी. नऊ. दहा. अकरा.

मी श्वास सोडला.

पट्टी बाराव्यांदा वर गेली.

परमेश्वरनं ओ दिली नाही. ऐकत राहिला. मग त्यानं हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले.

'ही तुझी हाय, अक्का,' तो म्हणाला.

पट्टी अजून हलत होती.